हेच स्टेशन, नाहीतर काहीच नाही

मीटरकाकांनी त्या दुपारी फक्त एक स्क्रू सैल करायचं ठरवलं होतं. एकच. चांगल्या चाललेल्या संसाराची वाट लावायला तेवढा पुरतो, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

काका पाणीखात्यात मीटर तपासायला होते. जन्मभर लोकांच्या घरात शिरायचं, वाटेतली बादली पायाने बाजूला सारायची, वाकून काटा बघायचा आणि निघायचं. कुठल्या घरात कोण रडतंय, कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, तिकडे त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नाही. काटा फिरतोय ना, मग घर चालू आहे. (हाच नियम त्यांनी स्वतःच्या घरालाही लावला होता. काकू उठतात, चहा होतो, संध्याकाळी दिवा लागतो, म्हणजे काटा फिरतोय. आणखी काय बघायचं असतं?)

निवृत्त झाल्यावर वाकून बघायला मीटर उरले नाहीत, म्हणून काका घरातल्या वस्तूंकडे वळले. त्यांनी इस्त्री दुरुस्त केली. ती आता एक तर कपडा जाळते, नाहीतर गार पडते, मधलं काही नाही. पंखा दुरुस्त केला. तो फिरतो झकास, पण सगळा वारा छताला घालतो. दाराची बेल तर अशी दुरुस्त केली की शेजाऱ्यांचं बटण दाबलं की काकांकडे वाजते. शेजारी कोणी आलं की काका दार उघडून हसतमुखाने उभे, आणि शेजाऱ्यांचा पाहुणा बिचारा बंद दारासमोर ताटकळत. काका त्याला म्हणायचे, "वायरिंग जुनं आहे हो."

तर अशा माणसाची नजर रेडिओवर गेली.

रेडिओ काकूंचा. लाकडी पेटी, पुढे जाळीदार कापड, दोन जाडजूड बटणं. लग्न झालं तेव्हा काकूंच्या दादाने दिलेला. दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. आईवडील त्याच्याही आधी गेलेले. माहेरचं म्हणावं असं आता तेवढंच एक बोलतं उरलं होतं. संध्याकाळी कामं आवरली की काकू पाय पसरून बसायच्या, धुतलेले कपडे मांडीवर घ्यायच्या आणि रेडिओवर जुनी गाणी लावायच्या. त्या तासाभरात त्यांच्याकडे कोणी चहा मागायचा नाही, चष्मा कुठे आहे विचारायचं नाही. एवढी एकच जहागीर त्या बाईने संसारात राखून ठेवली होती.

रेडिओला थोडी खरखर होती, एवढंच. म्हाताऱ्या माणसाला असतो तेवढा खोकला. पण काकू डोळे तपासायला गेल्या होत्या, घर रिकामं होतं आणि हत्यारांची पेटी पलंगाखालून हाका मारत होती. काकांनी मागचं झाकण उघडलं.

रेडिओच्या पोटात एक बारीक दोरा असतो. बटण फिरवलं की दोरा फिरतो, दोरा फिरला की काटा सरकतो, आतल्या पत्र्याच्या पात्या सरकतात आणि स्टेशन बदलतं. काकांना तो दोरा सैल वाटला. त्यांनी तो किंचित ओढला. दोऱ्याने 'टक' असा आवाज केला आणि प्राण सोडला.

दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. काकांनी गोंद काढला. साधा नाही, तो झटपट चिकटणारा, जो लावताना बोटंही दूर ठेवायची असतात. दोरा जोडला. जोडताना गोंदाचा एक थेंब खाली पात्यांवर ओघळला. काकांनी तो फुंकर मारून वाळवला. (पुसायला हवा होता.) मग झाकण लावलं, रेडिओ लावला आणि बटण फिरवलं. बटण छान फिरलं, अगदी लोण्यासारखं. स्टेशन मात्र तसूभर हललं नाही.

आता तो जिथे अडकला ते होतं शहरातलंच, मिडियम वेव्हवरचं एक बारकं स्टेशन. दिवसभर त्यावर गाद्यांच्या जाहिराती आणि कुठला रस्ता खणून ठेवलाय त्याच्या सूचना. संध्याकाळचा तास मात्र समुद्रापलीकडून कामधंद्यासाठी इथे आलेल्या लोकांसाठी, त्यांच्या भाषेतला. नेमका तोच तास. एक बाई बोलत होती. आवाज गोड, पण एका शब्दाचा दुसऱ्याशी काही संबंध आहे असं काकांना वाटेना.

तेवढ्यात काकू आल्या. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे आधीच सगळं धूसर. त्या दारातच थबकल्या.

"हे काय लागलंय?"

आता खरं सांगायचं तर काकांच्या ओठावर वाक्य आलं होतं. 'अगं, माझ्याकडून मोडला गं रेडिओ.' साधं वाक्य. दातांपर्यंत येऊन उभं होतं. पण काकू पुढे म्हणाल्या, "पुन्हा काहीतरी मोडलंत ना?"

त्या 'पुन्हा'ने घात केला. काकांकडे आतून इस्त्री, पंखा, बेल, सगळे एकदम बोट दाखवायला लागले. ते वाक्य गिळून काका म्हणाले, "मोडायचंय काय त्यात? मुद्दाम लावलंय. मी ही भाषा शिकतोय."

"कुठली भाषा?"

"हीच."

"हिला नाव काय?"

"आधी भाषा शिकावी, मग नाव विचारावं," काका म्हणाले. (माणूस एकदा खोटं बोलायला लागला की त्याला सुविचारही सुचतात.)

काकूंनी रेडिओकडे पाहिलं. मग काकांकडे. मग पुढे होऊन बटणाला हात लावणार, तोच काका आडवे आले. "अगं, हात लावू नकोस! मध्येच स्टेशन बदललं की कानाला वळण लागत नाही."

काकूंनी हात मागे घेतला. कपड्यांचा ढीग उचलून आत गेल्या. त्या संध्याकाळी काकांनी तासभर ती परकी बाई ऐकली, मान डोलावली, आणि स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आपटतायत तिकडे दुर्लक्ष केलं. काटा फिरत होता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. खोटं हे भाडेकरूसारखं असतं, एकदा घरात घेतलं की रोज त्याच्याशी नीट वागावं लागतं. संध्याकाळ झाली की काका खुर्ची ओढून रेडिओसमोर बसायचे. बाई हसली की हसायचे. बाई गंभीर झाली की भुवया जवळ आणायचे. काकू एकदा म्हणाल्या, "रविवारी तरी माझी गाणी लावू द्या."

"सातत्य लागतं गं," काका म्हणाले. "एक दिवस खंड पडला की सगळं मुसळ केरात."

काकू दाराला टेकून त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या, "तिचं एक अक्षर कळत नाही, तरी तिच्यापुढे तासभर मान डोलावता. माझं अक्षरन् अक्षर कळतं, तर इतक्या वर्षांत साधं 'हं' म्हणाला नाहीत."

काकांनी आवाज मोठा केला.

मनाला लागलं नाही असं नाही. काकू तळमजल्यावर गेलेल्या असताना त्यांनी रेडिओ टॉवेलात गुंडाळला, लपतछपत रस्त्यापलीकडच्या रेडिओवाल्याकडे नेला. रेडिओवाल्याने झाकण उघडलं, आत डोकावला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही.

"हे कोणी केलं?"

"एक... ओळखीचा आहे."

"जिवंत आहे?"

"आहे."

"त्याला कुलपात ठेवा," रेडिओवाला म्हणाला. "काका, पात्या चिकटल्यात. ओढल्या तर मोडतील, आणि असा भाग आता मिळत नाही. यात दोनच गोष्टी होतील. हेच स्टेशन, नाहीतर काहीच नाही."

काका टॉवेलातलं ते मुटकुळं छातीशी धरून परत आले. जिन्यात खजिनदार भेटले. (हे आमच्या इमारतीचे खजिनदार. तिजोरीत काही नसतं, त्यामुळे त्यांना भरपूर वेळ असतो.) "काय काका, बाळाला फिरवून आणताय?" म्हणाले. काकांनी खरंच बाळाला थोपटावं तसं ते थोपटलं आणि वर निघून आले.

आणि खजिनदारांनीच पुढचा घोटाळा केला. काकांकडून रोज परभाषा ऐकू येते, हे भिंती पातळ असल्यामुळे सगळ्यांना ठाऊक होतंच. एका संध्याकाळी खजिनदार आत आले, खुर्ची ओढून बसले. "काका, तुम्हाला समजतं म्हणे हे सगळं?"

"थोडंफार," काका म्हणाले. थोडंफार म्हणावं, त्यात नम्रताही दिसते.

"आत्ता काय म्हणाली?"

काकांनी खिडकीकडे पाहिलं. आभाळ भरून आलं होतं. "उद्या पाऊस आहे म्हणते."

दुसऱ्या दिवशी पाऊस पडला. झालं! इमारतभर बोंब. वरच्या मजल्यावरचे मास्तर, जे जन्मात कोणाला शहाणं म्हणाले नव्हते, ते स्वतः येऊन म्हणाले, "या वयात नवी भाषा! लोक नुसते बसून खातात हो." काकांना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मीटरखेरीज दुसरं काही विचारत होतं. त्यांनी मान खाली घातली आणि म्हटलं, "चालायचंच."

मग खजिनदार आणि मास्तर रोजचेच झाले. काका भाषांतर करायचे. "महागाई वाढली म्हणते." "तरुण पिढीला वळण नाही म्हणते." "पुढाऱ्यांनी कोणाचं भलं केलं नाही म्हणते." ऐकून मास्तर मांडीवर थाप मारायचे. "बघा! समुद्रापलीकडेही तेच!" चहा आतून येत होता. चहा कोण आणतंय, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. ज्या तासात एकेकाळी काकूंना कोणी चहा मागत नव्हतं, त्याच तासात आता काकू तीन पुरुषांना चहा देत होत्या.

आता शिंपीणबाईंचं सांगायला हवं. तळमजल्यावर राहतात, एकट्याच. त्याच समुद्रापलीकडच्या. आपली भाषा मोडकीतोडकी बोलतात, पण शिवण अशी की टाका शोधून सापडायचा नाही. संध्याकाळचं ऐकणं गेल्यावर काकू दुपारच्या त्यांच्याकडे जाऊन बसायला लागल्या. काजं करायच्या, बटणं लावायच्या. काकांना वाटलं, बायकांच्या गप्पा. त्या दोघी गप्पा मारणार कुठल्या भाषेत, हा प्रश्न एवढ्या भाषापंडिताला काही पडला नाही.

असे काही महिने गेले. एकदा शिंपीणबाई शिवलेले पडदे घेऊन वर आल्या. रेडिओ चालू होता. तासाचा शेवट होता, संथ वाद्य वाजत होतं आणि ती बाई हळुवार आवाजात काहीतरी म्हणत होती, थांबत होती, पुन्हा म्हणत होती. काकांना ती कविता वाटली. त्यांनी डोळे मिटले, खुर्चीच्या हातावर ताल धरला आणि मनापासून म्हणाले, "वा! क्या बात है!"

शिंपीणबाईंच्या हातातले पडदे खाली पडले. "काका," त्या घाबरून म्हणाल्या, "हे... मेले माणूस. नावं. आज कोण कोण मेलं."

काकांचा ताल हवेतच राहिला. मास्तर आणि खजिनदार नशिबाने त्या दिवशी आले नव्हते. काकू पडदे गोळा करत शांतपणे म्हणाल्या, "त्यांच्यातले काही मीटर बघू न देणारे असतील. म्हणून आनंद झाला असेल ह्यांना."

मग त्यांनी शिंपीणबाईंकडे बघून एक काहीतरी म्हटलं. लहानसंच. शिंपीणबाईंनी तोंडाला पदर लावावा तसा पडदा लावला आणि हसतच जिना उतरल्या. काकांना वाटलं, काकूंनी घसा साफ केला.

घसा नव्हता तो. हे कळायला पुढची बैठक यावी लागली.

मंडळी जमली होती. काका सांगत होते की ती बाई म्हणते, माणसाने सत्य कधी सोडू नये. काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या, काकांसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांत बघून, गोड आवाजात, त्या भाषेत एक भलंमोठं वाक्य बोलल्या. न अडखळता. शेवटी आवाज वर गेला, म्हणजे प्रश्न असावा.

मास्तरांचा कपाकडे निघालेला हात वाटेतच थांबला.

"वहिनी!" खजिनदार ओरडले. "तुम्हालाही येते?"

"यांच्या संगतीने," काकू म्हणाल्या. "विचारलंय मी काहीतरी. उत्तर द्या की हो."

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. नाही म्हणावं तर कशाला नाही म्हटलं ते सांगावं लागेल. 'हो'ला कोणी कारण विचारत नाही. काका म्हणाले, "हो हो. अगदी."

काकूंनी दुसरं वाक्य टाकलं. हे आणखी लांब होतं.

"हो तर! त्यात विचारायचं काय?" काका म्हणाले आणि वर हसलेही.

मास्तर गहिवरले. "याला म्हणतात संसार," ते म्हणाले. "नवराबायको मिळून शिकतायत. नाहीतर आमच्याकडे..." (मास्तरांच्या घरी काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे, ते असो.)

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी पलंगाखाली हात घातला. हात नुसताच जमिनीवर फिरला.

"अगं, माझी हत्यारांची पेटी?"

"शिंपीणबाईंच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. त्याखाली दिली."

"माझी पेटी? मला न विचारता?"

"विचारलं की काल," काकू भाजी चिरत म्हणाल्या. "चारचौघांसमोर विचारलं. तुम्ही म्हणालात, 'हो हो, अगदी.'"

काका उभे होते तिथेच राहिले. मग त्यांनी विचारलं, "आणि ते... दुसरं?"

"कुठलं दुसरं?"

"तू दोन वाक्यं बोललीस ना."

काकूंनी सुरी थांबवली. मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "मग तुम्हाला कळलं असेलच ना काय ते. तुम्ही तर आधीपासून शिकताय."

हीच ती वेळ होती. स्वयंपाकघरात दोघंच होते. काकूंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दार उघडं ठेवून कोणीतरी आत यायची वाट बघावी, तसा तो चेहरा होता. वाक्य पुन्हा दातांपर्यंत आलं. 'अगं, माझ्याकडून...'

बेल वाजली. (शेजाऱ्यांची असणार असं वाटलं, पण या वेळी दारात खरंच खजिनदार होते.) "काका, गुरुवारी मोठी बैठक तुमच्याकडे! पलीकडच्या इमारतीतलेही येणार आहेत, तुमचं भाषांतर ऐकायला. मी सांगून बसलोय. नाही म्हणू नका!"

काकांनी खजिनदारांकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. "या की," ते म्हणाले. "त्यात काय."

काकूंनी पुन्हा भाजी चिरायला घेतली. "गुरुवारी चहाचं तुमचं तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "मी नाही घरात. तेच होतं ते दुसरं."

गुरुवारी खोली अशी भरली की खिडकीतसुद्धा माणसं. खजिनदारांनी रेडिओजवळची जागा पकडली होती, मास्तर प्रमुख पाहुण्यासारखे मधोमध. काकू दुपारीच ठेवणीतली साडी नेसून शिंपीणबाईंबरोबर बाहेर पडल्या होत्या. कुठे, ते काकांना विचारता आलं नव्हतं, कारण त्यांनी परवानगी दिलेली होती. चहा त्यांनी स्वतः केला होता. लोक तो हातात धरून होते.

तास सुरू झाला. बाईने नमस्कार-चमत्कार केला असावा. काका म्हणाले, "सगळ्यांना नमस्कार म्हणते." लोकांनी माना डोलावल्या. मग बाई उत्साहाने बरंच काही बोलली आणि दुसऱ्या एका बाईचा आवाज आला.

"हा आवाज ओळखीचा वाटतो," मास्तर म्हणाले. "आपल्या शिंपीणबाई तर नव्हेत?"

"छे," काका म्हणाले. "त्या भाषेत सगळ्यांचे आवाज सारखेच लागतात."

आणि मग तिसरा आवाज आला.

रेडिओतून आला तरी आवाज तोच. तोच, जो रोज सकाळी 'दूध उतू गेलं' म्हणतो. तो आता ती परकी भाषा बोलत होता. अडखळत, पण मजेत. जिवंत.

"वहिनी!" खजिनदार उडालेच. "काका, अहो वहिनी रेडिओवर! सांगितलं नाहीत तुम्ही! काय म्हणतायत, काय म्हणतायत?"

सगळी खोली काकांच्या तोंडाकडे बघायला लागली. काकांनी हातातली बशी खाली ठेवली.

"ती... ओळख करून देतेय स्वतःची."

रेडिओतली बाई खळखळून हसली. शिंपीणबाई हसल्या. काकू पुढे बोलल्या. मध्येच 'मीटर' असा शब्द स्पष्ट ऐकू आला, आणि तिकडे पुन्हा हशा.

"मीटर म्हणाल्या!" मास्तर म्हणाले. "तुमचं काहीतरी सांगतायत!"

"माझ्या... नोकरीबद्दल. सचोटीबद्दल."

"मग हसतायत कशाला?"

"त्यांच्याकडे सचोटी दुर्मिळ असेल."

तिकडे काकूंनी कोणाची तरी नक्कल केली. डोळे मिटून ताल धरणाऱ्या माणसाचा सूर काढला आणि चक्क आपल्या भाषेत म्हणाल्या, "वा! क्या बात है!" स्टुडिओत हसण्याचा असा काही पूर आला की तळमजल्यापर्यंत पोचला असता. काका उठले. आता हे बंद केलंच पाहिजे. त्यांनी आवाजाचं बटण धरलं आणि जोरात पिळलं.

बटण निघून त्यांच्या हातात आलं. आवाज पिळायच्या नादात थोडा मोठाच झाला होता. भिंतीतला प्लग खजिनदारांच्या पाठीमागे होता आणि खजिनदार काही हलणाऱ्यांतले नव्हते.

मग तिकडे सगळे शांत झाले. रेडिओवाल्या बाईने काकूंना हळू आवाजात काहीतरी सांगितलं. क्षणभर नुसतीच खरखर. आणि काकू बोलल्या. आपल्या भाषेत.

"ह्या म्हणतायत, घरच्यांसाठी दोन शब्द तुमच्या भाषेत बोला. काय बोलू? अहो, भात झाकून ठेवलाय. गरम करून घ्या, इस्त्रीवर नको."

कोणीतरी फिसकन हसलं.

"आणि रेडिओ तुमच्याकडून मोडला, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बटणाला हात लावू दिला नाहीत, तेव्हाच. माझ्या दादाचा होता तो. पण मोडला म्हणून मी काही तुम्हाला घराबाहेर काढलं नसतं. चार शब्द बोलले असते, रडले असते, झालं असतं. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत बसले. रोज वाटायचं, आज सांगतील. वाट बघता बघता एक अख्खी भाषा येऊन गेली, पण तुमचं ते एक वाक्य काही आलं नाही. बास. एवढंच."

वाद्य वाजलं. गाद्यांची जाहिरात लागली.

खोलीत कोणी कोणाकडे बघेना. पलीकडच्या इमारतीतली मंडळी चपला शोधायला लागली. मास्तरांना अचानक आठवलं की घरी दिवा चालू राहिलाय. खजिनदार सगळ्यांत शेवटी उठले. काकांच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी समजूतदार आवाजात म्हणाले, "शेवटचं आम्हाला कळलं बरं का काका. त्याचं भाषांतर नको."

सगळे गेले. काका हातातलं बटण घेऊन बसून राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपलं घर मान वर करून पाहिलं. कपडे घडी घालायला काकू बसायच्या ती जागा पाहिली. तिथे आता त्यांचीच खुर्ची होती. जाहिरात संपून कुठल्या रस्त्यावर खोदकाम चालू आहे ते रेडिओ सांगत होता.

जिन्यावर पावलं वाजली. दोघींची. शिंपीणबाई दाराबाहेरच थांबल्या, काकू आत आल्या. चेहरा तजेलदार, हातात कोणीतरी दिलेली फुलं. काका उठून उभे राहिले. वाक्य आता दातांत अडकलं नाही. धडपडत का होईना, बाहेर पडलं.

"अगं," काका म्हणाले, "माझ्याकडून मोडला गं रेडिओ. दादाचा होता. मला आधीच सांगायला हवं होतं."

काकू थांबल्या. त्यांनी हातातली फुलं रेडिओवर ठेवली. चेहऱ्यावर काय होतं, ते कुठल्याच मीटरवर दिसण्यासारखं नव्हतं. मग त्या बोलल्या. हळू आवाजात, एकच वाक्य, आणि तेही त्याच भाषेत. शेवटी आवाज थोडा वर गेला. आणि त्या उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या.

दाराबाहेर शिंपीणबाईंचं हसू एकदम थांबलं.

माफ केलं म्हणाल्या, की आता पुरे झालं म्हणाल्या, की उद्यापासून खाली राहायला जाते म्हणाल्या, काकांना काहीच कळलं नाही. 'काय म्हणालीस?' एवढं विचारायला काय लागत होतं? पण इतक्या दिवसांची सवय. काकांची मान आपोआप डोलली.

"हो हो," ते म्हणाले. "अगदी."

आता कशाला हो म्हटलंय, ते सकाळी कळेलच.